जर्मनीत पार्सलची जोडगाडी: 18.75 मीटरच्या आत दोन पेट्या कशा बसवायच्या

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून जर्मनीत गाडी चालवायला जाऊ पाहणाऱ्या मराठी पोरांची संख्या वाढली आहे. त्यातल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला पार्सलची रात्रपाळी येते. तिथं समोर उभी असते ती आपल्याकडची बत्तीस फुटी ट्रक नाही आणि घोडा-ट्रेलरही (पुढे नुसतं इंजिन आणि केबिन, त्यावर टेकलेला लांब सेमी-ट्रेलर) नाही. पुढे ट्रकवर एक पेटी, मागे दांडीने जोडलेल्या ट्रेलरवर दुसरी, आणि दोन्ही पेट्या चार पायांवर जमिनीवर उभ्या राहू शकतात. या पेटीला वेक्सेलब्र्युके म्हणतात. यार्डात सगळे नुसतं ‘ब्र्युके’ म्हणतात. शब्दाचा अर्थ पूल, त्यामुळे पहिल्या दिवशी ‘पूल घेऊन ये’ असा हुकूम आला तर गांगरू नका.

खाली ही जोडगाडी हाताळायची पद्धत आहे. घाटात गाडी चालवलेल्या माणसाला यातलं ड्रायव्हिंग अवघड जात नाही. अडतं ते उतरून करायच्या कामांपाशी, कारण इथं क्लिनर नसतो.

1. आधी लांबीचा हिशेब

ही गाडी अशी का बनली, ते चार आकड्यांत कळतं. जर्मन नियमांत एकट्या ट्रकची लांबी 12 मीटरपर्यंत, घोडा आणि सेमी-ट्रेलर मिळून 16.50 मीटरपर्यंत, आणि ट्रकमागे पूर्ण ट्रेलर असेल तर 18.75 मीटरपर्यंत चालते. रुंदी 2.55, उंची 4.00.

पण 18.75 च्या पोटात आणखी दोन मर्यादा आहेत. केबिनमागे माल जिथं सुरू होतो तिथपासून ट्रेलरवरचा माल जिथं संपतो तिथपर्यंत 16.40 मीटर, आणि मधली मोकळी जागा वगळून नुसती मालाची लांबी 15.65 मीटर. 18.75 मधून 16.40 गेले की केबिनला उरतात 2.35 मीटर. कंपनीने मालाची लांबी पूर्ण वापरली की झोपायची जागा आखूड का होते, याचं उत्तर या वजाबाकीत आहे.

पार्सलवाल्यांची आवडती पेटी 7.45 मीटरची. दोन पेट्या म्हणजे 14.90. 16.40 मधून वजा केले की मध्ये दीड मीटरपर्यंत फट ठेवता येते, म्हणजे वळायला मुबलक जागा. 7.82 मीटरच्या दोन पेट्या घेतल्या तर 15.64 होतात, मालाच्या मर्यादेत जेमतेम एक सेंटिमीटर शिल्लक, आणि फट फक्त 76 सेंटिमीटर. त्यासाठी ट्रकच्या पोटाखाली खोल बसवलेली कपलिंग, म्हणजे ट्रेलर अडकवायची जोडणी, लागते. ती डोळ्यांना नीट दिसतही नाही. नवख्याने शक्यतो 7.45 च्या जोडीवर हात बसवावा.

सेमी-ट्रेलरमध्ये साधारण 13.60 मीटर माल बसतो, म्हणजे युरो पॅलेट (माल रचायच्या ठरावीक मापाच्या लाकडी फळ्या) 33. दोन 7.45 मध्ये 36 बसतात. पार्सल हा जागा खाणारा, वजनाने हलका माल, त्यामुळे हा सव्वा मीटर रोज रात्री पैसे मिळवून देतो. त्याहून मोठा फायदा वेगळाच आहे: पेटी गोदामाच्या दाराशी पायांवर सोडून ट्रक मोकळा होतो. माल चढेपर्यंत ड्रायव्हर आणि इंजिन ताटकळत बसत नाहीत.

2. परवाना आणि परवानगी

भारतीय परवान्यावर जर्मनीत राहायला लागल्यापासून सहा महिनेच गाडी चालवता येते. भारत सूट असलेल्या देशांच्या यादीत नाही, म्हणून लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. क्रम असा: आधी बी (मोटार), मग सी (ट्रक), मग सीई (ट्रक आणि ट्रेलर). जोडगाडीला सीई लागतोच. लेखी परीक्षा जर्मनशिवाय 12 परदेशी भाषांत देता येते. त्यांत इंग्रजी आहे, हिंदी-मराठी नाही.

धंद्यासाठी चालवायचं तर परवान्याच्या वर व्यावसायिक पात्रता लागते. तिथले लोक तिला ‘95 नंबर’ म्हणतात. छोटा मार्ग 140 तासांच्या वर्गाचा आणि शेवटी व्यापार मंडळाच्या 90 मिनिटांच्या लेखी परीक्षेचा. पुढे दर पाच वर्षांनी 35 तासांची उजळणी, शिवाय डोळे आणि तब्येत तपासून परवान्याचं नूतनीकरण.

जर्मन रोजगार नियमावलीच्या कलम 24अ खाली मालकाशी करार असेल तर परवाना आणि पात्रता मिळवण्यासाठी 15 महिन्यांपर्यंत राहता येतं. करार वाचताना एक गोष्ट शोधा: शिकण्याचा खर्च कोण करणार, आणि मध्येच काम सोडलं तर किती परत मागणार. हा आकडा कागदावर नसेल तर सही करू नका. ‘सीई ची गरज नाही, भारतीय परवाना चालतो’ असं सांगणाऱ्या एजंटाला तिथंच नमस्कार करा.

3. पेटीची ओळख

पेटीभोवती एकदा चालत फिरा. खालच्या बाजूला चार कोपऱ्यांचे लोखंडी ठोकळे दिसतील, 20 फुटी कंटेनरला असतात त्याच अंतरावर. त्यांत गाडीची चार ट्विस्टलॉक, म्हणजे फिरवून लावायची कुलपं, बसतात. पेटीच्या पोटाखाली मधोमध लांब बोगद्यासारखी वाट आहे. ट्रकच्या चासीवरची मार्गदर्शक चाकं त्या वाटेत शिरतात आणि पेटीला सरळ रेषेत आणतात. चार पाय, प्रत्येकाला खिटी आणि तिरका टेकू.

पाठीमागच्या पाटीवर पेटीचा क्रमांक असतो. हाच क्रमांक तुमच्या फेरीच्या कागदावर हवा. यार्डात एकाच रंगाच्या पन्नास पेट्या उभ्या असतात. रात्री दोन वाजता 8 आणि 3 यांच्यातला फरक न दिसल्याने चुकीच्या शहराला पार्सलं जाणं, ही या धंद्यातली सगळ्यात स्वस्तात टळणारी चूक आहे. आकडा मोठ्याने वाचा, मग सील तपासा.

4. पेटी उचलणे

इथं घाई नको. क्रम बदलला की काहीतरी मोडतं.

अ. ट्रेलर आधी सोडून ठेवा. ट्रकची पेटी घेताना ट्रेलर मागे असून चालत नाही. नेहमीचा क्रम असा: ट्रेलर बाजूला, ट्रकवर पेटी, मग ट्रेलर जोडायचा आणि तो मागे रेटत दुसऱ्या पेटीखाली घालायचा. मोठ्या यार्डात पेट्या हलवणारी वेगळी गाडी असते, तिला उमझेत्सर म्हणतात. ती असली तर हे कष्ट वाचतात.

आ. पेटी दाराला लागलेली असेल तर आत कोणी नाही ना, पाहा. पार्सलच्या गोदामात माल वाहणारा सरकता पट्टा लांब होऊन पेटीच्या आत शिरतो आणि माणूस आत उभा राहून डबे रचतो. दाराचा दिवा हिरवा असला तरी पट्टा मागे गेलाय आणि पेटीचा दरवाजा बंद झालाय, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

इ. चारही पाय टेकलेत, खिट्या बसल्यात, टेकू ताठ आहेत, एवढं बघून घ्या. एखादा पाय वाकडा दिसला तर त्या पेटीखाली जाऊ नका, यार्डवाल्याला बोलवा.

ई. ट्रकची ट्विस्टलॉक उघडी करा. सस्पेन्शनचे हवेचे फुगे रिकामे करून चासी पूर्ण खाली घ्या. पेटीचा तळ आणि चासी यांच्यात पुरेशी फट दिसली पाहिजे.

उ. सरळ रेषेत, माणसाच्या चालीने मागे जा. मार्गदर्शक चाकं बोगद्यात शिरली की स्टिअरिंग वळवायचं नाही. तिरकं वाटलं तर बाहेर या आणि पुन्हा लावा. पेटीखाली असताना स्टिअरिंग मारलं की पुढचे पाय वाकतात. शेवटी पेटी अडसराला हळूच टेकली पाहिजे. आपटली तर पायांवरची अख्खी पेटी मागे सरकते.

ऊ. हँडब्रेक लावा. फुग्यांत हवा भरून चासी वर घ्या. पेटीचं वजन चासीवर आलं की पाय जमिनीपासून सुटतील. कोपऱ्यांचे ठोकळे ट्विस्टलॉकवर बसलेत का ते पाहा आणि चारही लॉक फिरवून बंद करा. हँडल बाहेर राहिलं म्हणजे लॉक लागलेलं नाही.

ए. आता पाय. प्रत्येक पायाची खिटी काढा, पाय वर फिरवा, त्याच्या खोबणीत आत सरकवा, खिटी पुन्हा लावा आणि हाताने ओढून पाहा. पाय जड असतो, खाली उभं राहून सोडू नका. अर्धवट राहिलेला पाय वाटेत बाहेर सरकला तर 2.55 ची गाडी क्षणात रुंद होते आणि फुटपाथवरच्या माणसाला गाठते. म्हणून निघण्याआधी एक पूर्ण फेरी मारा आणि आठही पायांना हात लावा. चार ट्रकचे, चार ट्रेलरचे.

ऐ. चासी प्रवासाच्या उंचीवर आणा. हे विसरणाऱ्यांची संख्या कमी नाही. पेटीची नेहमीची उंची 2.67 मीटर आणि पायांवर उभी असताना तळ जमिनीपासून 1.32 वर. बेरीज 3.99. म्हणजे पाय मोकळे करण्यासाठी चासी जरा जास्त उचलली की गाडी 4 मीटरच्या वर जाते. तशीच निघाली तर पहिल्या ठेंगण्या पुलाखाली तुमची परीक्षा आहे. ट्रेलरवर बाजूला हवेचा लीव्हर असतो: वर, खाली, थांब आणि प्रवास. तो ‘प्रवास’वर आणल्याशिवाय निघू नका.

5. पेटी खाली ठेवणे

वरचाच क्रम उलटा, पण दोन गोष्टी वेगळ्या. जमीन सपाट आणि टणक हवी. उन्हाळ्यात डांबर मऊ होतं आणि भरलेल्या पेटीचा पाय त्यात रुततो. अशा वेळी पायाखाली फळी किंवा लोखंडी पत्रा टाका. दुसरं, ट्विस्टलॉक उघडल्याशिवाय चासी खाली करून पुढे जायचं नाही. एक लॉक जरी बंद राहिलं तर ट्रक पेटीला पायांसकट ओढतो. सगळं मोकळं झाल्यावर मीटरभर पुढे जा, थांबा, उतरून बघा, मग बाहेर पडा.

6. ट्रेलर जोडणे

पार्सलला दोन जातींचे ट्रेलर दिसतात. एकाची चाकं मधोमध असतात आणि दांडी फ्रेमला घट्ट जोडलेली असते. दुसऱ्याचा पुढचा अ‍ॅक्सल दांडीसकट फिरतो. खालचा क्रम पहिल्या जातीसाठी आहे. यार्डात जास्त करून तोच हाती येतो.

ट्रेलरच्या चाकांना दोन्ही अडणी लावा. ट्रेलरवरचं लाल बटण बाहेर ओढलेलं असलं की पार्किंग ब्रेक लागलेला असतो. दांडीच्या टोकाचं कडं आणि ट्रकच्या कपलिंगचं तोंड एकाच उंचीवर आणा. कपलिंग उघडा आणि सरळ मागे या. या वेळी ट्रक आणि ट्रेलर यांच्यामध्ये कोणी उभं राहायचं नाही. तुम्ही नाही, मदत करणारा मित्रही नाही.

पिन पडल्याचा आवाज आला म्हणजे काम झालं असं नाही. कपलिंगच्या बाजूला छोटी निशाणी-पिन असते. ती बाहेर डोकावत असेल तर पिन पूर्ण बसलेली नाही. कडं 40 मिलिमीटरचं आणि 50 चं अशा दोन मापांत येतं. 50 चं कडं 40 च्या पिनेवर ‘बसतं’, आणि धक्के खात खात काही दिवसांत पिन खातं. माप कपलिंगच्या पाटीवर असतं.

मग हवेचे पाइप. आधी पिवळा, नंतर लाल. पिवळा ब्रेकच्या आज्ञेचा, लाल हवेच्या पुरवठ्याचा. लाल लागला की ट्रेलरचा आपोआप लागलेला ब्रेक सुटू शकतो, म्हणून तो शेवटी. सोडताना उलट: आधी लाल, मग पिवळा. मग दिव्यांची 15 पिनांची वायर आणि ब्रेकच्या इलेक्ट्रॉनिक्सची वेगळी वायर. ही दुसरी वायर राहिली तर गाडी चालते, पण डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि ट्रेलरच्या चाकांचं आवळणं रोखणारी यंत्रणा बंद असते. पावसात हे अंगाशी येतं.

शेवटी दांडीचा टेकू वर, अडणी जागेवर, लाल बटण आत. पहिल्या गिअरला ट्रेलरचा ब्रेक लावून हलकं ओढून पाहा, आणि सगळे दिवे तपासा.

7. वजन: पार्सल हलकं, पण

दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला 18 टन, दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला 18 टन, जोडीला 36. पार्सलमध्ये एवढं वजन क्वचित भरतं. चिंता एकूण वजनाची नसते, वाटणीची असते. मधल्या चाकांच्या ट्रेलरची दांडी कपलिंगवर जो भार टाकते, तो ट्रेलरच्या वजनाच्या 10 टक्के किंवा 1000 किलो, यातल्या कमी आकड्यापर्यंतच असायला हवा. गोदामात अनेकदा पुस्तकं, टाइल्स, जिमचे डंबेल अशी जड पार्सलं आधी येतात आणि पेटीच्या पुढच्या टोकाला जातात. तसं झालं की दांडी दबते. उलट, जड माल मागच्या दाराशी राहिला तर ट्रेलर सोडताना दांडी वर उसळते आणि हनुवटीला लागते. कडं कपलिंगमधून काढताना दांडीवर वाकू नका.

रिकामी जोडी वाऱ्यात डोलते. उत्तरेकडच्या मोकळ्या मैदानी भागात रिकाम्या पेट्या नेताना वेग कमी ठेवा. पायांवर उभी रिकामी पेटी तर वादळात आडवी होऊ शकते.

8. रिव्हर्स

मधल्या चाकांचा ट्रेलर घोड्यामागच्या ट्रेलरसारखाच उलट वळतो, फक्त खूप झटकन. दांडीपासून चाकांपर्यंतचं अंतर कमी असल्याने स्टिअरिंग जरा फिरवलं की पेटी मुरडते. अर्ध्या फेऱ्याऐवजी पाव फेरा द्या आणि आरशातलं टोक हललं की लगेच सरळ करा. फिरत्या अ‍ॅक्सलचा ट्रेलर दोन ठिकाणी मोडतो, म्हणून त्याची शेपटी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला पहिलं स्टिअरिंग जातं. घोडा-ट्रेलरवर पक्का हात असलेला माणूस इथं पहिल्या आठवड्यात हमखास चुकतो, कारण हातांना उलट सवय असते. रिकाम्या यार्डात दोन-तीन संध्याकाळी याच्यासाठी मागून घ्या. मालक नाही म्हणाला तरी मागा.

वळणाचा नियम असा की गाडी 12.50 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळली पाहिजे आणि तिने व्यापलेला पट्टा 7.20 मीटरपेक्षा रुंद नको. जुन्या गावांच्या चौकात मात्र बाहेरच्या बाजूचा आरसा आणि ट्रेलरची आतली चाकं, दोन्हीकडे डोळा हवा.

9. रात्रीची फेरी

पार्सलची एक सोयीची पद्धत आहे: दोन शहरांतून दोन गाड्या एकाच वेळी निघतात, मध्ये भेटतात, पेट्या बदलतात आणि आपापल्या घरी परततात. श्टुटगार्ट आणि हानोफर यांच्यात फुल्डाच्या आसपास भेट ठरली तर दोघांनाही एका बाजूला अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर पडतात. दोघेही सकाळी स्वतःच्या अंथरुणात. पण एकाला जाममुळे तास उशीर झाला की दुसऱ्याचीही वेळ खर्च होते, म्हणून निघतानाच समोरच्याला फोन करा.

वेळेचे आकडे पाठ हवेत. सलग साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटं थांबायचं. ते 15 आणि 30 असं तोडता येतं, आधी 15. दिवसाला 9 तास, आठवड्यातून दोनदा 10. आठवड्याला 56, दोन आठवडे मिळून 90. रोजची विश्रांती 11 तास, दोन साप्ताहिक विश्रांतींच्या मध्ये तीनदा 9 चालते. 45 तासांची पूर्ण साप्ताहिक सुट्टी केबिनमध्ये काढता येत नाही, मालक काहीही म्हणो.

वेग ऑटोबानवर (जर्मन एक्स्प्रेसवेवर) 80, गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर 60. ऑटोबानवर पुढच्या गाडीपासून 50 मीटर अंतर. रविवारी आणि सणाच्या सुट्टीला मध्यरात्रीपासून रात्री 22 वाजेपर्यंत ट्रेलर जोडलेला ट्रक रस्त्यावर आणायचा नाही. म्हणून रविवारी रात्री दहाला सगळ्या यार्डांची दारं एकदम उघडतात, आणि बाहेर पडायला अर्धा तास हाताशी धरावा लागतो. सणांच्या सुट्ट्या राज्यागणिक वेगळ्या आहेत. तुमच्या राज्यात कामाचा दिवस असला तरी वाटेतल्या राज्यात बंदी असू शकते. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवारीही काही ऑटोबानवर सकाळी 7 ते रात्री 8 बंदी असते.

10. केबिनमध्ये काय असावं

परवाना, पात्रतेचं कार्ड, टॅकोग्राफमध्ये (चालवण्याची आणि विश्रांतीची वेळ नोंदवणाऱ्या यंत्रात) घालायचं ड्रायव्हर कार्ड, पासपोर्ट आणि राहण्याचं कार्ड. ट्रकचं नोंदणीपत्र आणि ट्रेलरचं वेगळं. ट्रेलर बदलला की कागदही बदलतो, आणि नेमका हाच विसरला जातो. मालकाच्या मालवाहतूक धंद्याच्या परवान्याची प्रत. सीमेपलीकडे जात असाल तर भारतीय नागरिक म्हणून तुमच्या नावाचं ड्रायव्हर प्रमाणपत्र. टॅकोग्राफची आजची आणि मागच्या 56 दिवसांची नोंद.

सामानात त्रिकोण, लुकलुकणारा दिवा, फ्लुरोसंट जाकीट, प्रथमोपचार पेटी, अडणी, जाड हातमोजे, पायाखाली टाकायच्या चार फळ्या आणि डोक्याला बांधायची बॅटरी. ही शेवटची वस्तू कोणी सांगत नाही. डिसेंबरात पहाटे चार वाजता, उणे तापमानात, गोठलेली खिटी दोन हातांनी ओढताना टॉर्च दातांत धरावी लागते, आणि तेव्हा तिची आठवण येते.